खिशातली चावडी आणि आपले नाव

(पालक मेळाव्यात दिलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे वाढवून)



पालक मेळाव्यात शिक्षक उभा राहिला की त्याने अभ्यास, हजेरी आणि मोबाईलचे दुष्परिणाम या तीन विषयांवर बोलावे, अशी एक रीत पडून गेली आहे. मीही आज मोबाईलवरच बोलणार आहे. परंतु तो मुलांच्या हातून काढून घ्या, हे सांगण्यासाठी नव्हे. ते सांगून सांगून आम्ही थकलो आणि ऐकून ऐकून आपणही थकला आहात. मला निराळेच सांगावयाचे आहे. सरकारी कामकाज आता त्या मोबाईलमध्ये येऊन बसले आहे, आणि तेथे आपले नाव कसे लिहिले आहे व त्यापुढे कोणाचा नंबर आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. जे पालक मेळाव्यास येऊ शकले नाहीत त्यांनी हे निदान छापील पानावर वाचावे, किंवा मुलाकडून वाचून घ्यावे, म्हणून हे भाषण मी स्मरणिकेकडे दिले आहे.

आपला हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यापूर्वी सेनगावकडच्या किंवा कळमनुरीकडच्या माणसाचे जिल्हा कचेरीत काम निघाले की परभणी गाठावी लागे. भाकरी बांधून पहाटे निघायचे आणि साहेब दौऱ्यावर असले तर हात हलवीत परत यायचे. या सभेत बसलेल्या कित्येक वडीलधाऱ्यांनी ते हेलपाटे घातले आहेत. जिल्हा जवळ आला तसे हेलपाटे कमी झाले. पण गावची चावडी तीच राहिली. एका तलाठ्याकडे (आता त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे) अनेक गावांचा सजा, आणि ते कोणत्या वारी कोणत्या गावी भेटतील हे कोतवालास तेवढे माहीत.

त्या चावडीचा एक मोठा भाग खिशात आला तो 15 ऑगस्ट 2021 रोजी. त्या दिवशी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. महसूल खात्याने टाटा ट्रस्टच्या साहाय्याने हे अ‍ॅप तयार केले होते. आपल्या शेतात काय पेरले आहे, किती क्षेत्रावर, पाणी विहिरीचे की पावसाचे, हे शेतकऱ्याने स्वतः भरावयाचे आणि उभ्या पिकात जाऊन फोटो काढावयाचा. फोटो कोठे काढला ते मोबाईल स्वतःच नोंदवितो, म्हणून घरी बसून दुसऱ्याच्या पिकाचा फोटो पाठविता येत नाही. नोंद गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या खालच्या भागात जाऊन बसते. पुढे 2024 च्या रब्बीपासून गावोगाव पीक पाहणी सहायकही नेमले गेले, कारण स्मार्टफोन नसलेले शेतकरी मागे राहत होते.

यात विशेष काय, असे कोणी विचारील. मी माझ्या घरचेच सांगतो. माझे वडील चार एकरांचे शेतकरी. वसमतच्या हळदीचे नाव आता दूरवर गेले आहे, 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्याही एका तुकड्यात वर्षानुवर्षे हळदच असते. सातबाऱ्यावर मात्र कित्येक वर्षे सोयाबीन. का, तर आजूबाजूच्या गटांत सोयाबीन होते, आणि प्रत्येक बांधावर जाण्याइतके पाय एका माणसाला नसतात. 2021 च्या सप्टेंबरात मी एका रविवारी गावी गेलो आणि वडिलांबरोबर चिखल तुडवीत हळदीत उभा राहून फोटो काढला. शेतात रेंज नव्हती. अ‍ॅपने फोटो धरून ठेवला आणि आम्ही गावात पाराजवळ आलो तेव्हा तो वर गेला. पुढे सातबारा काढला, त्यात ‘हळद’ हा शब्द होता. वडील निजामी राजवट संपल्यानंतर जन्मलेले, तरी शिकले ते उर्दूत. मराठी अक्षर त्यांना सावकाश लागते. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवून तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

हा केवळ मनाचा आनंद नव्हे. 1 आणि 2 सप्टेंबर 2024 रोजी आपल्याकडे जो पाऊस कोसळला, तो कोणी विसरलेले नाही. त्या वर्षी एक रुपयात पीक विमा होता आणि नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत अ‍ॅपवर किंवा टोल-फ्री नंबरवर कळवावे लागे. ओढे रस्त्यावर आलेले, वीज गेलेली, फोन कोणाचा चालू, कोणाचा बंद. आमच्या गावात नववी-दहावीची पोरे चार्जिंग शिल्लक असलेले दोन फोन घेऊन घरोघर फिरली आणि त्यांनी लोकांच्या तक्रारी नोंदविल्या. अभ्यासात ज्यांची नावे मी नाइलाजाने घेतो, असे दोघे त्यात पुढे होते. 2025 च्या खरिपात विम्याचे नियम पुन्हा बदलले, हेही ध्यानात ठेवावे. एकदा शिकलो म्हणजे झाले, असे या कामात नाही.

आता दुसरी बाजू. 2023 च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीनसाठी शासनाने हेक्टरी 5,000 रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, देण्याचे ठरविले आणि 2024 मध्ये ते वाटप झाले. आधार ई-पीक पाहणीच्या नोंदीचा घेतला. ज्यांनी नोंद केली नव्हती ते आरंभी वगळले गेले. पुढे सातबाऱ्यावरील नोंद ग्राह्य धरून त्यांना सामावून घेतले. पण ज्यांची नोंद होती, त्यांतलेही काही अडकले. सामाईक खात्यात इतरांचे ना-हरकत पत्र हवे होते. आपल्या घरांतून वाटणी झाली तरी कागदावर ती चढत नाही. आजोबांच्या पश्चात चार भाऊ आणि तीन बहिणी एका सातबाऱ्यावर, त्यांतली एक फुफू औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर), एक निजामाबादला. आणि दुसरी अडचण, नावे जुळेनात. सातबाऱ्यावर ‘शे.’, आधारवर ‘शेख’, पासबुकात इंग्रजीत ‘एस के’.

या नावाच्या गोष्टीपाशी मला थोडे थांबावयाचे आहे, कारण आज मी जे बोलावयास उभा आहे ते हेच.

निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चाले. आपल्या पणजोबांचे नाव दप्तरात उर्दू लिपीत चढले. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, आणि ते नाव मराठीत आले. उर्दूत लिहिताना ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, वाचणारा ते मनाने भरतो. म्हणून एकाने महेबूब वाचले, दुसऱ्याने महबूब, तिसऱ्याने मेहबूब. जागा वाचविण्यासाठी लिहिणाऱ्यांनी ‘शेख’चे ‘शे.’ केले, ‘सय्यद’चे ‘स.’, ‘मोहम्मद’चे कोठे ‘मो.’ तर कोठे ‘म.’. नंतर संगणक आला आणि या मराठीवरून इंग्रजी झाले. इंग्रजीत तर प्रत्येक ऑपरेटरचे व्याकरण वेगळे. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचे नाव मध्ये की शेवटी, याचाही नेम नाही. चावडीत माणूस समोर उभा असे. तलाठी म्हणे, ‘अरे, हा तर आपला अमक्याचा मुलगा,’ आणि काम होई. मोबाईलमधली चावडी माणूस ओळखत नाही, अक्षरे ओळखते. एक अक्षर निराळे झाले की तिच्या लेखी तो दुसरा माणूस.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात, नववीत, एक मुलगी होती. वडील हातगाडीवर केळी विकतात. तिचा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरावयाचा होता. शाळेतील नोंदीवरून तिचे नाव संगणकावर मी चढविले. रजिस्टरमध्ये मराठीत ‘शेख’ होते, मी माझ्या सवयीने इंग्रजीत एस-एच-ई-आय-के-एच असे टाइप केले. वडिलांना विचारले नाही, आधार कार्ड मागितले नाही. मार्चअखेरची घाई होती. तिच्या आधारवर एस-एच-ए-आय-के, शेवटचा एच नाही. बँकेत नुसते एस के. अर्ज बाहेरच्या एका केंद्रावर भरला गेला, आणि तेथे काम लवकर उरकावे म्हणून मोबाईल नंबराच्या रकान्यात भरणाऱ्याने स्वतःचाच नंबर टाकला. त्रुटीचा संदेश आला असेल तर तो त्याच्या फोनवर गेला. मुलीला कळले तेव्हा मुदत संपून गेली होती. वर्षाचे पैसे गेले.

तिचे वडील शाळेत आले. रागावले नाहीत, रागावले असते तर मला बरे वाटले असते. ते म्हणाले, “मास्तरसाब, नाम तो एकीच है, लिखनेवाले चार हैं.” त्या चारांपैकी एक मी होतो. आणि मुलीने विचारले, “सर, मग माझं खरं नाव कोणतं?” या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. पुढच्या वर्षी आम्ही तिघांनी बसून तीनही कागद एका अक्षराचे केले. त्याला पाच महिने लागले आणि वडिलांचे धंद्याचे सात दिवस बुडाले.

म्हणून आपणास माझी विनंती आहे की, मूल शाळेत आहे तोपर्यंत त्याचे नाव तपासा. जनरल रजिस्टरमधील चूक मूल शाळेत असेतोवर रीतसर अर्ज करून शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने दुरुस्त होते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर ते काम फार कठीण होऊन बसते. आधारवरील नावाची दुरुस्ती साधारणपणे दोन वेळा आणि जन्मतारखेची एकच वेळ करता येते. तेव्हा घाईने काहीतरी करून संधी वाया घालवू नका. आधी घरात बसून ठरवा की या घराचे नाव इंग्रजीत कसे लिहावयाचे, आणि मग आजीपासून नातवापर्यंत सर्वांचे तसेच ठेवा. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी मुलांचे बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, त्याच फेरीत नावही पाहून घ्यावे. आधारची सुरुवात 29 सप्टेंबर 2010 रोजी झाली ती आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून. पहिल्या वर्षांत जे घाईघाईने भरले गेले त्याची निस्तराई आपण अजून करीत आहोत.

नावाच्या जोडीला नंबर. आपल्याकडील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा पुण्या-मुंबईस जातात. तिकडे स्वस्त पडेल ते नवे सिम घेतात, जुने पेटीत पडते. बरेच दिवस वापर झाला नाही की नंबर बंद होतो आणि काही काळाने तोच नंबर कंपनी दुसऱ्या ग्राहकास देते. तुमच्या आधारला, बँकेला, रेशनकार्डाला जोडलेला नंबर असा कोणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजत असेल, आणि आपण केंद्रावर बसून म्हणत असू, “ओटीपी येत नाही.” येतो, दुसरीकडे येतो. आणि जो नंबर आपलाच आहे, त्यावर आलेला ओटीपी फोनवरून कोणालाही सांगू नये, मग तो बँकेचा साहेब म्हणवो की योजनेचा अधिकारी. केंद्रावर समोर बसून स्वतःचा अर्ज भरताना देणे निराळे आणि फोनवरच्या आवाजाला देणे निराळे. हा फरक घरातील म्हाताऱ्या माणसांना मुलांनीच समजावून सांगावा.

बायकांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक नाजूक आहे. 2024 च्या उन्हाळ्याअखेरीस मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली आणि महिना 1,500 रुपयांसाठी आपल्या घरांतील कितीतरी स्त्रियांनी आयुष्यात प्रथमच स्वतःच्या नावाचे खाते काढले. ही मोठी गोष्ट झाली, असे मी मानतो. पण नंबर कोणाचा? नवऱ्याचा, दिराचा, नाही तर शेजारच्या शिकलेल्या मुलाचा. 2025 च्या सप्टेंबरात ई-केवायसी सुरू झाले, त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. ज्यांचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत, अशा बायांनी काय करावे, हा प्रश्न यंत्रापुढे उभा राहिला तेव्हा शासनाला त्यात सवलत करावी लागली आणि मुदतही वाढवावी लागली. मला कोणावर टीका करावयाची नाही. परंतु घरातील स्त्रीचे स्वतःचे सिम, तिच्या नावावर आणि तिच्या हातात असणे, ही चैन नव्हे. काही बुजुर्गांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यांना माझे एवढेच विचारणे आहे की, तिच्या रेशनचा आणि तिच्या पैशाचा संदेश तिने कोणाच्या तोंडून ऐकावा असे आपणास वाटते?

यंत्र आले म्हणजे सेवा आली, असे समजू नये, हेही सांगतो. 2021 मध्ये अंगणवाड्यांसाठी पोषण ट्रॅकर नावाचे अ‍ॅप आले. बालकाचे वजन, उंची, आहार, सर्व त्यात भरावयाचे. कल्पना उत्तम होती. पण अ‍ॅप इंग्रजीत आणि दिलेले फोन कमी ताकदीचे, वारंवार बंद पडणारे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी ते फोन शासनास परत केले. जिला रोज काम करावयाचे तिच्या भाषेत यंत्र बोलले पाहिजे, ही साधी गोष्ट विसरली गेली होती. ई-पीक पाहणी आपल्या माणसांनी उचलली याचे एक कारण ती मराठीत आहे.

याहून जुना एक दाखला कोल्हापूरकडचा आहे. वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या परिसरात 1998 मध्ये सुमारे सत्तर गावांसाठी संगणक केंद्रे उभारली गेली. त्या काळी त्याची फार चर्चा झाली. संगणकाने गावात शेतीचे ज्ञान, बाजारभाव, सर्व काही येईल अशी अपेक्षा होती. शेतकरी केंद्रावर येऊन मुख्यतः काय विचारी? माझा ऊस किती भरला, खताचे किती कापले, बिल कधी निघणार. काही वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरून पाहिला. तेवढ्याने तेच काम कमी खर्चात झाले. आफ्रिकेतील केनियात 2007 मध्ये सुरू झालेली एम-पेसाची पैसे पाठविण्याची सोयही अशीच, स्वस्तातल्या स्वस्त फोनवर चालणारी होती. वारणेच्या त्या कामातील एक संशोधक, केंतारो तोयामा, यांनी पुढे 2015 मध्ये पुस्तक लिहून म्हटले की, यंत्र माणसाच्या अंगी जे आहे तेच वाढवून दाखविते. जे नाही ते आणून देत नाही. मला ते पटते. वाचता येणाऱ्या घरात मोबाईल पोहोचला की ते घर दोन पावले पुढे जाते, आणि न वाचणारे घर आहे तेथेच राहून केंद्रचालकाचे गिऱ्हाईक होते.

गिऱ्हाईक हा शब्द मी मुद्दाम वापरला. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, फेरफार अशा अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे. मुदतीत काम झाले नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील, त्यावर दुसरे अपील आणि मग आयोग. अर्ज केला की पोचपावतीचा क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा, मोबाईलवर अर्ज कोठवर आला ते त्यावरून दिसते. सेवा केंद्राचे दरही शासनाने ठरविलेले असतात आणि ते भिंतीवर लावणे बंधनकारक आहे. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या 15 रुपयांत निघतो. तोच काढण्यासाठी शंभराची नोट मोडणारे पालक माझ्या पाहण्यात आहेत, आणि त्यांचा मुलगा दहावीत असतो.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला मी आज काही काम देणार आहे. या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या घराचे एक पान तयार करावे. घरातील प्रत्येक माणसाचे नाव आधारवर कसे आहे, रेशनकार्डावर कसे, पासबुकात कसे, जमीन असेल तर सातबाऱ्यावर कसे, आणि कोणता नंबर कोठे जोडलेला आहे. जसे लिहिले आहे तसेच उतरवा, तुम्हांला बरोबर वाटते तसे नव्हे. शेती असणाऱ्यांनी शेतकरी ओळख क्रमांकही लिहावा; 15 एप्रिल 2025 पासून कृषी खात्याच्या योजनांना तो लागतो. हे पान मला मार्कांसाठी नको. त्याचा फोटो काढून गटावरही टाकू नका, ते घरातल्या पेटीत ठेवण्याचे आहे. शेजारी ज्या घरात शिकलेले मूल नाही, त्यांचेही पान करून द्या, मग ते घर कोणत्याही मोहल्ल्यातले, कोणत्याही जातीचे असो. 2024 च्या पावसात तक्रारी नोंदविताना त्या पोरांनी दार बघून घर निवडले नव्हते.

शाळेपुरते सांगायचे तर, मुख्याध्यापकांच्या अनुमतीने दर शनिवारी शाळा सुटल्यावर दुपारी दोनपर्यंत जनरल रजिस्टर पालकांना पाहण्यासाठी उघडे ठेवले आहे. येताना आपले व मुलाचे आधार, पासबुक आणि चालू असलेला फोन आणावा. केवळ वडील आले तरी चालेल, परंतु त्यांनी मुलाच्या आईचा नंबर विचारून यावे. गेल्या शनिवारी नऊ वडील आले होते, त्यांपैकी सात जणांना तो सांगता आला नाही.